डेकवरचा कासोटा

ऐंशीच्या दशकात यांच्या मालवाहू जहाजावरून मलाही नॉर्वेला जायला मिळालं, तेही ऐन थंडीत. मला एकच ध्यास होता, पडणारा बर्फ बघायचा.

घणसोलीच्या घरातून निघताना सासूबाई म्हणाल्या, "सुकटीची चटनी ने. नि कासोटा घाल गो बाय, वाऱ्याचं ठिकान हाय."

पण मी पडले मॅडम, मला झुळझुळीत पाचवारीच हवी होती.

बर्फ पडतोय कळताच मी डेकवर धावले आणि साडी शिडासारखी फुगून डोक्यावर गेली. खाली यांचा लोकरीचा पायजमा. हे म्हणाले, "जहाज आता इंजिनाशिवाय चालेल."

धावत केबिनमध्ये गेले, पायजम्यावर घट्ट कासोटा मारला, ऊब यावी म्हणून सासूबाईंची चटणी बोटभर चाटली आणि परत वर आले. बर्फ अजून पडत होता. चटणीने पेटलेली जीभ मी सरळ बाहेर काढली.