काऊनवाले काकाजी

गावात नवं यंत्र आलं की काकाजी आधी त्याला पाहायचा कार्यक्रम करत. लग्नाच्या मुलाला पाहतात, अगदी तसा. अंगणात सतरंजी टाकायची, यंत्राला पाटावर बसवायचं, आल्यागेल्याला पोहे-चहा द्यायचा आणि मग गावाने यंत्राला प्रश्न विचारायचे. ग्रामपंचायतीचं पाणी शुद्ध करायचं मशीन त्या पाटावर बसून गेलं होतं, शाळेचा मोठा टीव्ही बसून गेला होता. सरपंचांच्या मुलाने पिकांची पाहणी करायला आणलेल्या ड्रोनला मात्र नकार मिळाला. "वरून समद्यायच्या घरात पायते आन काय पायलं ते सांगत नाई. असा जावई कायले पायजे?" असं काकाजींनी कारण दिलं. तो ड्रोन पुढे गोंदियात लग्नांचं शूटिंग करू लागला, म्हणजे लग्नाशी त्याचा संबंध राहिलाच.

काकाजी हे गोरेगाव तालुक्यातल्या एका गावच्या पाणीवाटप संस्थेचे अध्यक्ष. उंच, थोडे वाकलेले, खांद्यावर कायम दुपट्टा. त्यांच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला होता. त्यामुळे तलावातलं पाणी म्हणजे आपल्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा, असं ते मानत. पाहुण्याला कुणी भलत्या दारात नेऊन सोडलेलं त्यांना खपत नसे.

माझी त्यांची ओळख अर्थातच एका यंत्रामुळे झाली. मी गोंदियातल्या एका लहानशा कंपनीत इंजिनिअर होते. आम्ही पाणीवाटपाचं यंत्र बनवलं होतं. कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाण्याची पाळी द्यायची हे ते ठरवायचं, पाण्याच्या पाटाची दारं आपोआप उघडायचं आणि वर ते बोलूनही दाखवायचं. आजोळ सौंदडचं असल्यामुळे मला इकडची बोली कळते, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. मी यंत्राची वायर लावायला भिंतीत प्लग शोधत होते, तेवढ्यात काकाजींनी पाट मांडला.

"बसव त्याले," ते म्हणाले. "आन तूही बस. तू त्याच्याकडची."

मी मुलाकडची म्हणून बसले. पहिला प्रश्न गावच्या यशोदा आजींनी विचारला, "रागावते का हा?"

यंत्र म्हणालं, "क्षमस्व. आपला प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करावा."

"वळण बरं हाये," आजी शेजारणीला म्हणाल्या. "पन पुन्याचा दिसते."

मग कुणी विचारलं, झोपते का. कुणी विचारलं, चुकलं तर कबूल करते का. यंत्र प्रत्येकाची क्षमा मागत राहिलं. शेवटी काकाजी पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, "तू याले पानी देल्लं, त्याले नाई देल्लं, त काऊन नाई देल्लं हे सांगशीन का?" यंत्राने पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं. काकाजींनी मला दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "कळवतो जी."

त्यांनी खरंच कळवलं. यंत्राला बाकी बटणं होती तसंच एक ठळक बटण 'काऊन'चंही, म्हणजे 'का'चं, हवं, ते दाबलं की यंत्राने आपल्या निर्णयाचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर सोयरीक होणार नाही. मी हा निरोप कंपनीला पाठवला. आमचे साहेब नागपूरला बसत आणि हिंदी बोलत. त्यांचा लगेच फोन आला, "ये काऊन कौन है? गाव का कोई बडा आदमी है क्या?"

मी म्हटलं, "हो सर, बहुत बडा."

बटण बसलं. पहिल्यांदा दाबल्यावर यंत्र म्हणालं, "प्रणालीच्या निर्णयानुसार." काकाजी शांतपणे म्हणाले, "माहा साळा असाच बोलते." मग बरेच दिवस खपून मी यंत्राला कारणं सांगायला शिकवलं, तेही गावच्या बोलीत आणि माझ्याच आवाजात. पहिल्याच दिवशी यंत्र म्हणालं, "वरच्या बांधीत पानी भरलं हाये, म्हनून खालच्या बांधीले सोडून राहिली." काकाजी ऐकत उभे होते. म्हणाले, "पोरगा पायाले बोलावला, निंगाली पोरगी."

त्यांची दुसरी अट याहून चमत्कारिक होती. पूर्वी पाटावर पाणी सोडणारा माणूस असायचा आणि पाणी चुकलं की त्याला शिव्या देता यायच्या. आता शिव्या कोणाला द्यायच्या? यंत्राला दिल्या तर त्याला लागत नाहीत आणि न लागणाऱ्या शिव्या देणं म्हणजे तोंड वाया घालवणं. म्हणून यंत्राशेजारी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली गेली आणि आठवडी बाजाराच्या दिवशी कंपनीच्या माणसाने त्या खुर्चीवर बसायचं ठरलं. कंपनीचा माणूस म्हणजे मी. बाजार करून पिशव्या घेऊन लोक यायचे, मला मनसोक्त शिव्या द्यायचे आणि जाताना पिशवीतलं एखादं सीताफळ हातावर ठेवायचे. एकदा शेजारच्या गावचा एक गृहस्थ विजेच्या मीटरबद्दल मला शिव्या द्यायला आला. काकाजींनी त्याला परत पाठवलं. "त्या मशीनचा मानूस येगळा हाये. त्याले शोध. आमची पोरगी फुकट कायले खाईन?"

त्या वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेलाच पावसाने पाठ फिरवली. तलावात पाणी होतं, पण जपून द्यायचं होतं. पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला सुमनबाईंची बांधी होती. नवरा वारलेला, मुलगी सासरी, एकट्या शेती करायच्या. त्या खुर्चीपाशी आल्या, पण त्यांनी शिवी दिली नाही. एवढंच म्हणाल्या, "माह्या बांधीले पानी नाई आलं बाई. जमीन फाटून राहिली."

काकाजींनी बटण दाबलं. यंत्र माझ्या आवाजात म्हणालं, "या बांधीत शेतकरी सापडला नाई."

सगळ्यांनी सुमनबाईंकडे पाहिलं. काकाजी त्यांना म्हणाले, "तू सापडत नाईस म्हनते."

सुमनबाईंना ते पटल्यासारखं वाटलं. ओशाळून म्हणाल्या, "सकाळी कांदे घ्याले बाजारात गेलती जी. पन लवकरच आली."

मी तपासून पाहिलं. यंत्र पाळीआधी प्रत्येकाच्या मोबाईलवर विचारत असे, पाणी हवं का. उत्तर आलं नाही तर नको आहे असं समजत असे. सुमनबाईंकडे मोबाईलच नव्हता. म्हणजे यंत्राच्या लेखी त्या बांधीला मालकीणच नव्हती.

काकाजींनी यंत्र बंद करून टाकलं. स्वतः पाटावर गेले, आपल्या बांधीचं तोंड मातीने बुजवलं आणि पाणी शेवटाकडे जाऊ दिलं. मग मला म्हणाले, "तुह्या साहेबाले बलाव."

साहेब गाडीने आले. खुर्चीवर बसले, कारण काकाजींनी उभं राहूच दिलं नाही. सगळं ऐकून ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकाजी, बदल हो जाएगा. लेकिन सीझन के बाद."

"बरं," काकाजी म्हणाले. "मंग हे धानाले सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, सीझननंतर निसवजो म्हनून."

साहेबांना ती थट्टा वाटली. पण काकाजी उठले होते, गावही उठलं होतं. पाटापाटाने सगळे निघाले. साहेबांच्या हातात बूट, पायात मोजे, मागे बाया-माणसं, यशोदा आजीसुद्धा. सुमनबाईंच्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर काकाजींनी साहेबांना पुढे उभं केलं. समोर धान, काही लोंब्या बाहेर आलेल्या, काही पोटातच अडकलेल्या.

"सांगा," काकाजी म्हणाले.

कुणी हसलं नाही. साहेबांनी तोंड उघडलं, धानाकडे पाहिलं आणि वाकून एक अडकलेली लोंबी बोटांनी चाचपली. मग वळून मला म्हणाले, "कल सुबह तक हो सकता है क्या?"

"हो सकता है, सर," मी म्हटलं.

तेव्हापासून यंत्र शेवटच्या बांधीपासून पाळी सुरू करतं आणि उत्तर आलं नाही तर कुणीतरी त्या घरी विचारायला जातं. सुमनबाईंचं धान वाचलं. काकाजींच्या बांधीतलं बरंचसं पोचट निघालं. "गावची मशीन सुधरली, घरच्या कोठ्या रिकाम्या," काकी वर्षभर ऐकवत राहिल्या. काकाजी त्या दिवसांत भात जरा कमी वाढून घेत.

गेल्या हिवाळ्यात काकाजींच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले ते त्यांचे शेवटचे दिवस होते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. छातीला वायरी लावलेल्या, उशापाशी पडद्यावर हिरव्या रेषा उड्या मारत होत्या. मी त्यांचा दुपट्टा घडी करत होते, तेवढ्यात एक नर्स लगबगीने आली. पडद्याकडे पाहतच तिने विचारलं, "कैसा लग रहा है, बाबाजी?"

काकाजींनी तिच्याकडे मान वळवली. तिने पडद्यालाच पुन्हा विचारलं.

"बाई," काकाजी स्वतःकडे बोट करत हळूच म्हणाले, "मी अठी आहो."

ती दचकून वळली. मग ओशाळून हसली, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. आता मराठीत म्हणाली, "सांगा बाबाजी, कसं वाटून राहिलं?"

काकाजींनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"मले बरं हाये," ते म्हणाले. "तू जेवली का?"