छापायचा राहिलेला शब्द

इस्पितळाच्या तपासणी विभागात तिला सगळे पट्टीबाई म्हणत. टेबलावर कायम एक स्टीलची पट्टी, आणि हातात रिपोर्टचा कागद. रक्त, लघवी, थुंकी, काय काय तपासलं जाई, आणि प्रत्येक तपासणीचा निकाल इस्पितळाच्या छापील कागदावर नेमक्या जागी उमटवायचं काम तिचं. कागदावर निळे पट्टे आणि आखलेले रकाने आधीपासूनच छापलेले. रुग्णाचं नाव, वय, निकाल हे सगळं डेटाबेसमधून येणार आणि त्या रकान्यांत बसणार. म्हणून प्रत्येक तपासणीसाठी तिने संगणकावर वेगळं डिझाइन केलं होतं. एकेक चौकट माउसने ओढायची, बाणाच्या बटणाने केसभर सरकवायची, छापायची, पट्टी लावून बघायची, पुन्हा सरकवायची. सोळा वर्षांत अशी एकशे बारा डिझाइनं झाली होती. डॉक्टर म्हणायचे, "पट्टीबाईंचा रिपोर्ट म्हणजे डोळे मिटून सही करावी."

एवढ्या एका वाक्यावर ती वर्षानुवर्षं सुखात होती.

मग त्याच विभागात तिची धाकटी जाऊ नोकरीला लागली.

दोघी एकाच इमारतीत, समोरासमोरच्या दारांत राहायच्या. मोठीकडे सासूबाई. धाकटीचं लग्न होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. हसतमुख, बोलकी, आणि संगणकाचं शिक्षण घेतलेली. नोकरीची जागा निघाली तेव्हा मोठीच्या नवऱ्याने विचारलं, "तुझ्याच विभागात आहे, सांगू का तिला?" मोठी म्हणाली, "सांगा की, मला काय!" आणि भाजी चिरताना बोट कापून घेतलं.

पहिला महिना बरा गेला. धाकटी "ताई, हे कसं करायचं? ताई, ते कुठे असतं?" करत मागे मागे असायची. मोठीलाही बरं वाटायचं. दुसऱ्या महिन्यात छापखान्याने नवे कागद पाठवले आणि त्यातले रकाने तीन मिलिमीटर खाली सरकलेले निघाले. कागद परत घ्यायला छापखाना तयार नव्हता. मोठीने कंबर कसली. एकशे बारा डिझाइनं उघडायची, प्रत्येकातल्या पंधरा-वीस चौकटी खाली घ्यायच्या. तीन आठवडे तरी लागतील असं तिने विभागप्रमुखांना सांगितलं, आणि सांगताना तिच्या आवाजात थोडा तोरा होता, हे कबूल करायला हवं.

चौथ्या दिवशी धाकटी खुर्ची ओढून शेजारी बसली. "ताई, एक गंमत दाखवू?"

तिने एकच कोरा रिपोर्ट केला होता. त्यात पन्नास रिकाम्या चौकटी, सगळ्या लपवलेल्या. छपाईचा हुकूम दिला की तिचा प्रोग्रॅम डेटाबेसला विचारणार, या रुग्णाच्या तपासण्या किती? सात. मग सात ओळींपुरत्या चौकटी बाहेर काढणार, प्रत्येकीला डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती ते सांगणार, आत मजकूर भरणार, आणि उरलेल्या लपलेल्याच ठेवणार.

"आणि कागद खाली सरकला तर?" मोठीने विचारलं.

"हा एक आकडा बदलायचा." धाकटीने तो बदलला. छापून काढलं. मोठीने पट्टी लावली. अगदी बरोबर होतं.

"छान आहे," मोठी म्हणाली. तिचं तोंड कडू झालं होतं.

त्यानंतर जे सुरू झालं ते काही केल्या थांबेना. विभागप्रमुख धाकटीला आपल्या खोलीत बोलावून चहा पाजू लागले. सोळा वर्षांत मोठीने त्या खोलीतली खुर्ची कशी आहे ते बसून पाहिलं नव्हतं. घरी धाकट्या दिराने कौतुक केलं, ते समजण्यासारखं होतं, पण तिचा स्वतःचा नवराही जेवताना म्हणाला, "डोकं आहे हं पोरीला! तू महिना घालवला असतास." सासूबाईंना चौकटी म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "मोठे, तुझा त्रास वाचवला बघ तिने." मोठीने ताट उचललं आणि नळ मोठा सोडला. भांड्यांच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू येऊ नये एवढीच इच्छा होती. आताशा धाकटीचं हसणंही तिच्या डोळ्यांत खुपत होतं. समोरच्या दारातून हसू आलं की वाटे, आपल्यालाच हसतेय.

नवा रिपोर्ट चालू करायचा दिवस ठरला. विभागप्रमुख म्हणाले, "पहिल्या दिवशीचा प्रत्येक कागद पट्टीबाई तपासतील. त्यांची बरोबरची खूण असल्याशिवाय डॉक्टरांकडे काही जाणार नाही." मोठी सकाळी आठपासून बसली. ती चूक शोधत होती. शोधायलाच बसवलं होतं तिला, पण ती ज्या भुकेने शोधत होती, ते तिचं तिलाच ठाऊक.

अकराच्या सुमारास सापडली.

थुंकीतल्या क्षयरोगाच्या जंतूंची तपासणी. या तपासणीचं नाव यादीतल्या सगळ्या नावांत लांब. नाव मावावं म्हणून प्रोग्रॅमने नावाची चौकट रुंद केली, त्यामुळे निकालाची चौकट अरुंद झाली. निकाल होता ‘आढळले नाहीत’. अरुंद चौकटीत ‘आढळले’ तेवढं बसलं, ‘नाहीत’ दुसऱ्या ओळीवर गेलं, आणि चौकटीची उंची एकाच ओळीची असल्याने ते छापलंच गेलं नाही. कागदावर स्वच्छ अक्षरांत उमटलं होतं: आढळले.

मोठीच्या काळजात धस्स झालं आणि त्याच क्षणी एक गारवाही पसरला. तीन टेबलं पलीकडे धाकटी कुणाशी तरी हसत होती.

आता मी कशाला सांगू? मोठीच्या मनात आलं. डॉक्टरांच्या लक्षात येईलच. ते सगळ्यांसमोर ओरडतील, विचारतील हा प्रोग्रॅम कुणाचा. एकदाच. एकदाच तिला खाली मान घालून उभी राहिलेली बघायचंय. तिने पेन उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली. तसेच आणखी सहा कागद आले. त्यांवरही केली.

डॉक्टरांनी गठ्ठा घेतला. कोपऱ्यातल्या खुणा पाहिल्या आणि सोळा वर्षांच्या सवयीने भराभर सह्या केल्या. कुणी ओरडलं नाही. साडेतीनला कागद रिपोर्ट वाटपाच्या खिडकीवर गेले. मोठी जागेवर बसून होती. उठावं, सांगावं, असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा धाकटी कुणाला तरी आपला प्रोग्रॅम समजावून सांगत होती, आणि मोठी पुन्हा बसली.

चहाला म्हणून ती बाहेर पडली तेव्हा खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई दिसली. मांडीवर रिपोर्ट उघडा. शेजारी एक गरोदर मुलगी बसायला आली, तशी ही बाई झटकन सरकत सरकत बाकाच्या पार टोकाला गेली आणि तोंडावर रुमाल धरला. मग फोनवर हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, उद्यापासून बालवाडीत येत नाही मी. नाही, मुलांना काही सांगू नका. मीच... मी कळवते नंतर."

मोठी तशीच वळली. ती जाऊन बाईसमोर उभी राहिली.

"तो कागद द्या. अर्धाच छापला गेलाय."

"म्हणजे?"

"आढळले नाहीत. जंतू आढळले नाहीत. ‘नाहीत’ हा शब्द खाली राहिला."

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "नक्की?"

"नक्की. चला, मी मूळ नोंद दाखवते."

नोंद बघून बाईने रुमाल खाली घेतला. ती रडेल असं मोठीला वाटलं होतं, पण ती संतापली. "एक शब्द राहतो? अहो, मी घरी कुणाला कुठे ठेवायचं याचा हिशेब करत होते! हे तपासतं तरी कोण?" तिने कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं. "ही कुणाची खूण?"

"माझी," मोठी म्हणाली.

उरलेले सहा कागद नशिबाने खिडकीतच होते. मोठी ते घेऊन धाकटीकडे गेली, काय झालंय ते दाखवलं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. मजकूर वाढला की चौकटीची उंचीही वाढेल आणि खालच्या सगळ्या ओळी तेवढ्याच खाली जातील, अशी दुरुस्ती तिने वीस मिनिटांत केली. मग विभागप्रमुखांसमोर, डॉक्टरांसमोर, सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माझी. ताईंनी पकडली म्हणून वाचलो."

सगळ्यांनी मोठीकडे कौतुकाने पाहिलं. सोळा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, आणि तिला तोंड लपवायला जागा पुरेना. वर आणखी एक गोष्ट तिला सहन होईना: असं चारचौघांत चूक पदरात घेणं तिला स्वतःला या जन्मी जमलं नसतं. तेही या मुलीला सहज जमत होतं. त्याचाही हेवा वाटला.

संध्याकाळी जिन्यात तिने धाकटीला थांबवलं. "मला अकरालाच दिसलं होतं."

"काय?"

"ती चूक. सकाळी अकराला दिसली होती. मुद्दाम खूण केली मी."

धाकटीला क्षणभर अर्थ लागला नाही. लागला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, त्या बाईंनी तुमचं काय बिघडवलं होतं?" आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोठीने विभागप्रमुखांनाही सांगितलं. त्या खोलीतल्या खुर्चीत ती बसली ती तेव्हा. लेखी ताकीद मिळाली, आणि रिपोर्ट तपासायच्या कामावर तीन महिने दुसऱ्याला नेमलं. बालवाडीच्या बाईंना इस्पितळाने माफीचं पत्र पाठवलं. त्यावर मोठीने आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या. उत्तर आलं नाही.

घरात सासूबाईंना कळेना की दोन्ही दारं बंद का असतात. धाकटी पंचवीस दिवस बोलली नाही. त्या दिवसांत मोठीने एक वही केली. कुठल्या तपासणीचे निकाल कोणत्या शब्दांत येतात, त्यातला लांब शब्द कुठला, तो कुठे तुटला तर अर्थ उलटा होतो. एकशे बारा तपासण्या, सगळं पाठ होतं तिला. वही धाकटीच्या टेबलावर ठेवून ती न बोलता परत आली.

दोन दिवसांनी धाकटी वही घेऊन उभी. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "हे तेहतिसावं नीट वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

मोठीने वाचून दाखवलं. मग चौतिसावंही. मग धाकटीने खुर्ची ओढली.

हेवा गेला का? नाही गेला. विभागप्रमुखांच्या खोलीतून चहाचे दोन कप बाहेर आले की अजूनही मोठीच्या पोटात दुखतं. पण एका दुपारी तिने स्वतःहून विचारलं, "मला शिकवशील का? चौकट कशी हलवायची ते." धाकटीने शिकवायला घेतलं, आणि शिकवताना ती चांगलीच तापट निघाली. मोठीने प्रोग्रॅममध्ये पहिला हुकूम लिहिला, छापायला दिला. कागद कोरा आला. तिने एक शून्य जास्त टाकलं होतं. रुग्णाचं नाव कागदाच्या बाहेर कुठे तरी जाऊन पडलं होतं.

धाकटी खुदकन हसली, कित्येक दिवसांनी.

मोठीच्या कपाळाची शीर तडतडली. "हसू नकोस," ती म्हणाली, "कुठे चुकलं ते सांग."