तान्ह्या पोळ्याचा बोजारा

माझ्या नातीचं काळीज उजवीकडे आहे. त्यात छिद्र आहे आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आहे. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, यातलं एकेक आम्ही पाहतो, पण सगळं एकाच लेकरात क्वचित येतं. क्वचित म्हटल्यानं तिची धाप कमी झाली नाही. चालता चालता ती उकिडवी बसायची. ओठ निळे पडायचे. दम परत आला की आपली आपण उठायची.

ऑपरेशनची तारीख दोनदा हुकली. दोन्ही वेळा सर्दी. सौंसरहून बसनं जायचं आणि वाहतं नाक पाहून त्यांनी परत पाठवायचं. तिसऱ्या वेळी मी आधीपासून घराच्या दारातच बसले. खोकणारं माणूस आत येऊ दिलं नाही, माझा भाऊसुद्धा.

नेमका तेव्हाच तान्हा पोळा आला. पोरं लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात, लोक बोजारा म्हणून खाऊ, पैसे देतात. नातीनं नंदी पुसून ठेवला होता. मी नाही म्हटलं. पोरांच्या गर्दीतून ती सर्दीच घेऊन येणार.

सून भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "जाऊ द्या ना आई. नागपूरहून परत नाही आली तं?"

पोरं निघायच्या आधी, सकाळीच नातीला घेऊन निघाले. शेजारीण म्हणाली, बोजारा संध्याकाळी देतात. मी म्हटलं, बाकीच्यांना संध्याकाळी दे. तिनं लाडू दिले. पुढच्या घरच्या म्हातारीनं विचारलं, "सून गिऱ्हनात काही चिरून राहिली होती का वं?" ग्रहणात पोटुशीनं काही चिरलं की लेकरात खोट येते, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं,

"तूच वांगे चिरून राहिली होती, मी पाहिलं. तुये पोरं कसे बैलावानी निघाले?"

नात तोवर नंदीशेजारी उकिडवी बसली होती. आणखी एक घर झालं आणि मीच थकले. नंदी काखेत मारला, तिला कडेवर घेतलं. तिचं वजन काही नव्हतं, पण माझे गुडघे.

नागपूरला नर्सनं बॅटरी मारून घसा पाहिला, नाक पाहिलं. मी सुनेकडे पाहिलं नाही. नर्स म्हणाली, भरती करा.

ऑपरेशनच्या दिवशी नातीला उपाशी ठेवलं होतं. लाडू मीच पायऱ्यांवर बसून खाल्ले, भूक लागली होती. ती वाचली. पण सगळं एका वेळी होत नाही, पुढं आणखी एक ऑपरेशन आहे. म्हणजे मला पुन्हा दारात बसणं आलं.