मोरांचा ठसा आणि मधाची बढाई

थेसालोनिकी या ग्रीक शहरात पावावर उमटवायचे लाकडी ठसे कोरणारे चार-पाच जण होते, पण उलटी अक्षरं न अडखळता कोरणारी एकटी थोमाइस. बापाशेजारी बसून ती अक्षरं शिकली ती ठशांवरूनच, त्यामुळे सुलटं लिहिलेलं वाचताना मात्र ती घामाघूम होई. पन्नाशीची विधवा, हातांना अक्रोडाच्या लाकडाचा वास, आणि एक खोड: हसू सुटलं की आवरायचं नाही. नवऱ्याच्या मयताला एक बाई बकरीसारखी रडली, तेव्हाही तिनं डोक्यावरचा रुमाल तोंडात कोंबला होता.

त्या वर्षी संत दिमित्रिओसच्या जत्रेत तिच्याकडे दोन ठशांचं काम आलं. एक आळीतल्या चर्चसाठी. त्यावर क्रूस आणि भोवती 'येशू ख्रिस्त विजयी'. दुसरा स्तिल्यानोस पाववाल्याच्या पुतणीच्या लग्नासाठी. त्यावर चोचीला चोच लावलेले दोन मोर आणि खाली 'खा, प्या, नाचा'. दोन्ही एकाच मापाचे, सारख्याच कापडात वेगवेगळे गुंडाळलेले. शनिवारी स्तिल्यानोस न्यायला आला आणि म्हणाला, "काकू, एकेका पावात अर्धा शेर मध घालणार आहे! व्याही बोटं चाटत बसतील." बोटं चाटणारा लठ्ठ व्याही डोळ्यांपुढे आला आणि थोमाइसला हसू फुटलं. हसता हसताच तिनं एक गुंडाळी त्याच्या हातात दिली. दुसरी चर्चच्या पाद्रीबाबांची बायको, पाद्रीणबाई ग्लिकेरिया, घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी पाद्रीणबाई धापा टाकत दारात उभ्या. "अगं थोमाइस, ऊठ! यांनी प्रसादाचा पाव कापायला सुरी घेतली, पावावरचं कापड काढलं, आणि आत मोर!"

"किती मोर?"

"किती म्हणजे? पाच पाव, दहा मोर! मला मेलीला दिसत नाही, मी आपली ठसे मारत गेले. लोक जमलेत, आणि हे निखाऱ्यासारखे लाल झालेत!"

'खा, प्या, नाचा' हे पाद्रीबाबांनी गंभीरपणे वाचलं असेल, या विचारानं थोमाइसच्या पोटात गुदगुल्या झाल्या. पण पाय थांबले नाहीत. दोघी पाववाल्याच्या घराकडे पळाल्या. वाटेत वऱ्हाडच आडवं आलं: पुढे ढोल-बासरी, मागे नवरी, आणि स्तिल्यानोसच्या डोक्यावर पावांची टोपली. थोमाइसनं टोपलीवरचं फडकं ओढलं. पावापावावर क्रूस.

"काकू, मोर का नाही कोरलेस? पहाटे ठसा पाहिला, पण भांडायला वेळ कुठे होता?"

"मोर चर्चमध्ये पोचलेत! पाच पाव दे आधी."

स्तिल्यानोसनं पाव दिले. वऱ्हाडही मागोमाग पळालं, ढोलवाल्याला थांबायचं कुणी सांगितलंच नाही. तसेच सगळे ढमढम करत चर्चच्या दारात. पाद्रीबाबांनी पाव हातात घेतला, क्रूस पाहून निश्वास सोडला, आणि एकदम मागे सरकले.

"चालायचं नाही. लग्नाचे पाव हे. यात मध असतो. प्रसादाच्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण, बस्स."

 नवरी रडवेली झाली. स्तिल्यानोसनं एकदा व्याह्याकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"बाबा," तो पुटपुटला, "नाही घातला."

"काय नाही घातला?"

"मध! थेंबसुद्धा नाही! नुसतं पीठ, पाणी, मीठ आणि आंबवण. देवाशपथ!"

थोमाइसला आता रुमालसुद्धा पुरेना. ती खांबाला धरून हसली, मग नवरी हसली, मग लठ्ठ व्याही असा गदगदला की कमरपट्टा सुटला. पाद्रीबाबा दाढीत तोंड लपवून आत गेले, पण प्रार्थनेच्या पहिल्या ओळीत त्यांचा आवाज दोनदा फाटला.

लग्न लागलं. मोरांचे पाव वऱ्हाडानं खाल्ले. व्याह्यानं शिक्षा म्हणून स्तिल्यानोसला बाजारात पिटाळलं, तो दोन घडे मध घेऊन आला, आणि त्यात बुडवून बुडवून सगळ्यांनी ताव मारला. मग नवरीनं थोमाइसला हाताला धरून ओढलं. नवरा गेल्यापासून बारा वर्षांत न नाचलेली ती बाई काळ्या झग्याचा घोळ उचलून गोलात शिरली, पावलं चुकली, आणि ढोलवाल्याला ओरडली, "अरे, जरा जोरात!"