मोळी की ओझं

धारूरच्या अलीकडे, घाटाच्या तोंडाशी आमचं ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनागृह आहे. वर पत्रे, खाली सतरंज्या आणि रविवारी पन्नास-साठ माणसं. बाहेरून बघणारा त्याला सोयाबीनचं गोदाम म्हणेल, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण आधी ते गोदामच होतं. तिथे मी पेटी वाजवायचो. शाळेत मास्तर असल्यामुळे मला सगळंच येतं असा मंडळीचा समज होता, आणि तो खोडून काढावा असं मला कधी वाटलं नाही.

मग नवे पाळकसाहेब आले. येताना त्यांनी शहरातून एक कीबोर्ड आणला. त्यात दोनशे ताल होते. आमच्या मंडळीला तोवर दोन पुरत होते, एक टाळ्या पिटायचा आणि एक पेंगायचा. पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं, की संगीत हे पवित्र आत्म्यासाठी उघडलेलं दार आहे. हे दार आता विजेवर चालणार होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे आली. लगोलग आमची ‘वर्शिप टीम’ झाली, एकाच रंगाचे सदरे शिवून झाले, आणि दर रविवारची उपासना यूट्यूबवर जायला लागली. पहिला व्हिडिओ एकशे बारा वेळा बघितला गेला. त्यातल्या निदान चाळीस वेळा बघणारा मी होतो.

अडचण एकच होती, आणि ती माझी आई होती.

आईने वडिलांबरोबर वीस-बावीस वर्षं ऊसतोडणी केली. वडील गेले, तोडणी सुटली, पण आवाज उसाच्या फडातलाच राहिला, या बांधावरून त्या बांधाला ऐकू जाणारा. तिला वाचता येत नाही. सगळी गाणी तिने कारखान्यावरच्या कोप्यांत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांत, सायकलवर येणाऱ्या एका म्हाताऱ्या प्रचारकाच्या तोंडून ऐकून पाठ केलेली. त्यातल्या एका गाण्यात ओळ आहे, ‘ओझे माझे तू उचल रे’. आई म्हणायची, ‘मोळी माझी तू उचल रे’. मोळी म्हणजे तोडलेल्या उसाचा भारा. बायका तो डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतात. मात्रा नेमक्या बसत असल्यामुळे इतकी वर्षं कुणाला काही खटकलं नव्हतं. मागच्या बायका तर तिचंच ऐकून मोळी म्हणायच्या. म्हणजे स्वर्गातला राजा आमच्याकडे दर रविवारी पाचटातून वाट काढत फळी चढत होता, आणि मंडळी खुशाल आमेन म्हणत होती.

एका रविवारी पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

“ब्रदर, सगळं छान झालं. फक्त माईकमध्ये मोळी फार येते. कमेंटमध्ये एकाने विचारलंय, ही मोळी कोण म्हणून.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्या आल्या मी आईसमोर बसलो.

“माय, ते मोळी न्हाई, ओझं हाय. आन जरा हळू म्हणत जा. रेकॉर्डिंग असतं.”

“कावून? देवाला मोळी समजत न्हाई व्हय?”

“त्याला समजती. बघणाऱ्यांना न्हाई समजत.”

“बरं,” ती म्हणाली. मुकादमाला म्हणतात तसं. तेव्हा पाऊस सुरू होता आणि मला वाटलं, किती समंजस बाई आहे.

पुढच्या रविवारी आई तोंड मिटून बसली. तिच्या आवाजाला धरून गाणाऱ्या मागच्या बायकाही आधी कुजबुजल्या, मग गप्प झाल्या. संगीत एकदम स्वच्छ झालं. कीबोर्डचा एकेक सूर पत्र्यापर्यंत नीट पोचायला लागला, मध्ये माणसांची भानगडच राहिली नाही. शेवटी पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले, की आज इथे देवाची उपस्थिती जाणवली. मलाही जाणवली. माझीच.

असे चार-पाच महिने गेले. अर्धी मंडळी तोडणीला निघून गेली, तरी आमचं यूट्यूब चालू होतं. अशात कडा गावच्या ख्रिस्ती मेळाव्यात बोलायचं मला आमंत्रण आलं. विषय होता उपासनेतल्या संगीताचा आध्यात्मिक प्रभाव. या विषयावर माझ्याइतका अधिकारी माणूस जिल्ह्यात नसल्यामुळे मी अकरा पानं लिहून काढली. बायबलातली, राजाचं डोकं शांत करणारी वीणा आली, तुरुंगात गाणारे प्रेषित आले. फक्त एखादी जिवंत साक्ष कमी पडत होती. म्हटलं, घरचीच घेऊ.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी वही-पेन घेऊन शेजारी बसलो.

“माय, गाणं म्हणताना देवाजवळ गेल्यावानी तुला कवा वाटतं?”

“आता न्हाई वाटत.”

“म्हंजी?”

“मला तुमच्या पाळकावानी डोळं झाकून बोलाया येत न्हाई. शबुदच न्हाईत मला. मी गाणं म्हणायची, तीच माझी प्रार्थना व्हती. फडात बी तीच, घरी बी तीच. तू गप म्हणला तवापासून आमचं बोलणं बंद हाय.”

आमचं म्हणजे तिचं आणि देवाचं. शेजारणीशी अबोला धरल्यासारखं, एक शेंग सोलता सोलता तिने सांगून टाकलं. पावसाळ्यापासून माझी आई प्रार्थनेवाचून राहत होती, आणि मी तिच्याच घरात बसून आत्म्याची दारं उघडण्यावर अकरा पानं लिहीत होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की वही कुठे ठेवावी ते कळेना. शेवटी ती मांडीखाली घातली.

“माय, चुकलं माझं. म्हण तू. मोळीच म्हण. लई मोठ्यानं म्हण.”

तिने हातातली शेंग सुपात टाकली, पदर सावरला आणि तोंड उघडलं. एक सूर निघाला, तोही बारीक. मग ती थांबली. तिने पुन्हा एकदा करून बघितलं आणि मान हलवली.

“न्हाई जमत रं बाळा. गाताना डोळं मिटलं की आधी देव दिसायचा. आता तू दिसतो.”