मरून राहिलेलं जुनिपर

हसायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. बरं, हसा, पण चहा सांडू नका. मी नागपुरात येऊन एका जिवंत झाडाला मूठमाती दिली, आणि तीसुद्धा व्याकरणाच्या जोरावर!

मी मूळचा पुण्याचा, मराठीचा शिक्षक. वीस वर्षं पोरांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासलेला माणूस! एप्रिलमध्ये नागपूरच्या शाळेत रुजू झालो आणि मानेवाड्यात मेश्रामकाकूंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. इथली बोली वेगळी, असं सगळे बजावत होते. म्हटलं, मराठीच ना ती? मग मला काय अडणार?

काकूंच्या फाटकाशेजारी एक जुनिपर होतं. देवदारासारखंच सूचिपर्णी, पण उंच व्हायचं नावच नाही. चटई अंथरल्यासारखं जमिनीलगत पसरायचं, बारा महिने हिरवंगार. काकांनी ते पचमढीहून आणून लावलं होतं. काका चार वर्षांपूर्वी गेले. काकू रोज सकाळी त्या झाडापाशी बसून दोन शब्द बोलायच्या.

मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणासाठी काकू रायपूरला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "सर, माती सुकल्याबिगर पाणी नका देऊ बरं. याच्या मुळांले ओल नाही चालत."

"काकू, निर्धास्त जा."

आता तुम्हीच सांगा, बाहेर पंचेचाळीस अंश, डांबर चपलेला चिकटतंय, आणि झाडाला पाणी द्यायचं नाही? काकूंचा काहीतरी गैरसमज असणार! मी सकाळी दोन बादल्या, संध्याकाळी दोन बादल्या सुरू केल्या. पंधरा दिवसांत शेंडे तपकिरी पडायला लागले. मी लगेच दुपारचीही एक बादली वाढवली.

तरी सुधारेना. शेवटी शेजारच्या बंगल्यातल्या माळ्याला, गजाननभाऊंना बोलावलं. त्यांनी माती बोटाने उकरली, नाकाशी नेली आणि मान हलवली. "सर, हे तं मरून राहिलं."

मी हातातली बादली खाली ठेवली. "मरून राहिलं?"

"हो ना! काहून इतकं पाणी टाकलं गा? मी उद्या रेती घेऊन येतो."

रेती कशाला? खड्डा बुजवायला, दुसरं काय! मेलं ते मेलंच. मग उद्यापर्यंत थांबायचं कशाला? मी कुदळ घेतली, कोयता घेतला, आणि तासाभरात झाड उपटून, तोडून कचरागाडीत घातलं. मग घसा खाकरून काकूंना फोन लावला. दुःखाची बातमी त्यांच्याच बोलीत द्यावी, एवढं सौजन्य माझ्याकडे आहे हो!

"काकू, मन घट्ट करा. झाड मरून राहिलं."

"मरून राहिलं? अन् तुमी पाहत बसले? पाणी बंद करा पहिले!"

बिचाऱ्या! धक्क्याने भान सुटलं असणार. मी हळुवारपणे म्हणालो, "आता पाण्याचा काय उपयोग, काकू?"

"तेच तं म्हणून राहिली मी! सावली करा, माती मोकळी करा!"

"सगळं व्यवस्थित केलंय," मी धीर दिला.

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ रेतीचं पोतं आणि हिरवी जाळी घेऊन हजर. रिकाम्या खड्ड्याकडे बघून म्हणाले, "झाड कुठी गेलं?"

"अहो, कालच म्हणालात ना, मरून राहिलं!"

"मरून राहिलं म्हनलं. मेलं कुठी म्हनलं?"

"म्हणजे?"

भाऊंनी पोतं खाली टेकवलं. "सर, तुमी जेवून राहिले असान, तं तुमच्यासमोरचं ताट उचलून न्याचं का?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मरून राहिलं म्हणजे मरत होतं. वाचलं असतं! काकांच्या हातचं झाड मी माझ्या हाताने मारलं होतं. खरं सांगतो, मला दरदरून घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

भाऊ खाली वाकले. वाफ्याच्या विटांपलीकडे एक फांदी सरपटत गेली होती. मातीला टेकली तिथे तिने स्वतःची मुळं धरली होती. कोयता चालवताना ती माझ्या नजरेतून सुटली होती, आणि माझ्या बादल्या तिथवर पोचल्या नव्हत्या, म्हणून ती ठणठणीत! भाऊंनी ती रेतीत लावली आणि मला बादलीला हात लावायची बंदी केली.

काकू परतल्या. वीतभर फांदीसमोर बराच वेळ बसल्या. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली. डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला, आणि काकूंनी स्पीकरवर तिला सगळा किस्सा सांगितला.

"आई, असं कसं केलं सरांनी? ते तं मराठीचे मास्तर आहेत ना?"

"हो वं," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता शिकून राहिले."