आधी तालुका

मंगळवारी सकाळी माझे साडू गेले. दुपारी अंत्यविधी झाला.

'आग लागली' असं कुणी ओरडलं असतं, तरी या माणसाने आधी तालुका विचारला असता. कॉलेजात संगणकावर काम करता करता त्यांना गावोगावची बियाणी जमवायचा नाद लागला. घरभर बरण्या, बरण्यांवर नुसते आकडे, आणि कोणती बरणी कशाची हे एकट्या डेटाबेसला ठाऊक. प्रत्येक बियाण्याचा त्यात वेगळा कागद, म्हणजे नोंद, होता, पण कागदांची रांग एकाच जोडचावीने लागायची: आधी तालुका, मग गाव, मग देणाऱ्या बाईचं नाव. पहिला शब्द चुकला की पुढचे दोन बरोबर असूनही पदरी काही पडत नसे. "साडू, चावीला क्रम असतो," ते मला सांगायचे, मी निरक्षर असल्यासारखं.

स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीही याच चावीने बसवल्या. अकारविल्हे अकोले जेवलं, जामखेड जेवलं. पारनेर, म्हणजे अख्खा वरपक्ष, हात धुऊन उभा. नवऱ्या मुलाचे मामा तडकले, "आमी वरपक्ष हाय का वाटसरू?"

"यादीत पक्ष नाही मामा, तालुका आहे."

मग ओशाळून त्यांनी रांग उलटी केली. रांग उलटली की ती कुठून सुरू आणि कुठे संपते हेही संगणकाला उलटं सांगावं लागतं, ते मात्र विसरले. यादी कोरी आली. जिलबी तयार, वाढपी तयार, आणि साडू लॅपटॉप हातावर तोलत म्हणतायत, "जेवायचं कुणी राहिलेलं दिसत नाही." शेवटी मेहुणीने लॅपटॉप मिटला आणि मामांपुढे ताट ठेवलं.

तेराव्यानंतर माझी बायको म्हणाली, "आईच्या वालाचं बी तेवढं शोधा. यंदा नाही पेरलं तर परत उगवायचं नाही." सासूबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, त्यांचं बी दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. साडूंच्या लॅपटॉपवर मी पारनेर टाकलं, सासूबाईंचं गाव टाकलं, नाव टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं. बायको दाराशी उभी होती. साडूंना मी मनात बरंच काही बोललो.

मेहुणी पाठीमागून म्हणाली, "दाजी, अकोले टाका की. आईचं माहेर. लग्न होऊन आली तवा वाल पदरात बांधून आल्ती. हे म्हणायचे, बी जिथून निघालं तिथलाच तालुका लिवायचा."

अकोले. माहेरचं गाव. सासूबाईंचं नाव. कागद उघडला. बरणीच्या आकड्याखाली साडूंचा शेरा होता: 'शिजायला वेळ लागतो. थोरले साडू नावं ठेवतात आणि दोनदा वाढून घेतात.'

निम्मं बी पेरलं. निम्मं बरणीत आहे.